विश्राम बेडेकर : एक कादंबरी आणि अनेक बोलपट

विश्राम चिंतामण बेडेकर (१३ ऑगस्ट १९०६ – ३० ऑक्टोबर १९९८) हे मराठीतील कादंबरीकार, नाटककार, पटकथाकार आणि चित्रपट-दिग्दर्शक. कादंबरी त्यांनी एकच लिहिली, 'रणांगण'. ती १९३९ साली प्रसिद्ध झाली आणि आजही मराठीतल्या श्रेष्ठ कादंबऱ्यांमध्ये तिची गणना होते. चित्रपटांचे तसे नाही. बेडेकरांनी तीन दशके या धंद्यात काढली. मराठी व हिंदी बोलपट दिग्दर्शित केले, इतरांसाठी कथा-पटकथा लिहिल्या, नामवंत कंपन्यांत काम केले. तरीही त्यांचे नाव घेतले की लोकांना आधी पुस्तक आठवते. त्यांच्या लेखणीला वळण मात्र या धंद्याने दिले. मोजके प्रसंग, नेमके संवाद आणि वर्णनाला कात्री, ही 'रणांगण'ची घडण पाहिली की तिचा लेखक बोलपटांच्या शाळेत शिकला होता हे कळते.

अमरावती ते बळवंत

बेडेकरांचा जन्म अमरावतीचा. त्यांच्या तरुणपणी मराठी करमणुकीचे केंद्र संगीत रंगभूमी हेच होते आणि लिहू पाहणाऱ्या तरुणाला नाटक मंडळीचे दार सर्वांत जवळचे वाटे. दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी १९१८ मध्ये काढलेली बळवंत संगीत मंडळी तेव्हा नावाजलेली होती. बेडेकरांचे 'ब्रह्मकुमारी' हे नाटक याच मंडळीने १९३३ मध्ये रंगमंचावर आणले.

तोवर काळ बदलला होता. १९३२ मध्ये प्रभात या चित्रपट कंपनीचा 'अयोध्येचा राजा' पडद्यावर आला आणि मराठी माणसाला पडद्यावरची माणसे आपल्या भाषेत बोलताना व गाताना दिसू लागली. नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक झपाट्याने आटला. मोठा बिऱ्हाडबाजार, नटसंच, साजिंदे आणि पडद्यांचे सामान घेऊन गावोगाव फिरणाऱ्या मंडळ्यांना हा फटका सोसवेना. अनेकांनी बोलपट काढून पाहिला. बळवंत मंडळीनेही तेच केले. 'कृष्णार्जुन युद्ध' (१९३४) या त्यांच्या बोलपटाचे दिग्दर्शन चिंतामणराव कोल्हटकरांच्या जोडीने बेडेकरांनी केले. त्यांचा चित्रपटप्रवेश असा रंगभूमीच्या पडत्या काळात, तिच्याच माणसांसोबत झाला. पुढच्या वर्षी राम गणेश गडकऱ्यांच्या विनोदी लेखनावरचा 'ठकीचे लग्न' हा बोलपट त्यांनी दिग्दर्शित केला आणि १९३८ मध्ये 'लक्ष्मीचे खेळ'.

त्या पिढीतले बहुतेक दिग्दर्शक काम करता करता शिकले. बेडेकरांना एवढ्यावर समाधान नव्हते. चित्रपटाचे तंत्र शिकण्यासाठी १९३८ च्या सुमारास ते इंग्लंडला गेले. युरोपावर तेव्हा युद्धाचे सावट होते. परतीचा प्रवास बोटीचा होता आणि त्या बोटीवर त्यांना जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू निर्वासित भेटले. तंत्र शिकायला गेलेला दिग्दर्शक परतला तो कादंबरीचा ऐवज घेऊन.

'रणांगण'

या कादंबरीमागचा इतिहास समजून घेतल्याशिवाय तिचे धारिष्ट लक्षात येत नाही. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची दुकाने फोडली गेली, प्रार्थनास्थळे जाळली गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रान्समधील एव्हियां येथे ३२ देशांचे प्रतिनिधी निर्वासितांचा प्रश्न सोडवायला जमले होते. सहानुभूती सर्वांनी दाखवली, दारे जवळपास कोणीच उघडली नाहीत. मे १९३९ मध्ये 'सेंट लुईस' ही बोट ९३७ प्रवासी घेऊन हॅम्बर्गहून क्यूबाला निघाली. त्यांत बहुतेक ज्यू होते. क्यूबाने त्यांतल्या मोजक्यांनाच उतरू दिले, अमेरिकेने थारा दिला नाही, आणि बोट युरोपात परतली. तिच्यावरच्या २५४ जणांचा पुढे नाझींच्या संहारात बळी गेला.

प्रवेशपत्राशिवाय जाता येईल अशी जगात फारच थोडी ठिकाणे उरली होती. शांघाय त्यांतले एक. इटलीच्या जिनोआ आणि त्रिएस्त बंदरांतून निघणाऱ्या बोटी सुएझ कालव्यातून मुंबईमार्गे तिकडे जात. सुमारे १७ ते २० हजार ज्यूंनी या वाटेने शांघाय गाठले. म्हणजे हिटलरच्या जर्मनीतून उठवलेली माणसे मुंबई बंदरातून पुढे जात होती आणि मराठी वाचकाला त्याची फारशी गंधवार्ता नव्हती. ती 'रणांगण'ने दिली.

कादंबरी घडते युरोपातून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या बोटीवर. चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण मायदेशी परततो आहे. प्रेमात एकदा पोळल्यामुळे स्त्रीविषयी त्याच्या मनात कडवटपणा साचला आहे. पुन्हा कुणात गुंतायचे नाही असे त्याने ठरवले आहे. हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी देश, घर आणि नागरिकत्व गमावून शांघायच्या दिशेने निघाली आहे. दोघे एकत्र येतात ते थोड्या दिवसांसाठी. मुंबई आली की चक्रधर उतरणार. हॅर्टाला उतरण्याची मुभा नाही. हा शेवट पहिल्या भेटीपासून ठरलेला असतो आणि दोघांनाही तो ठाऊक असतो. बंदर जवळ येते तसतसे एकेक संभाषण जड होत जाते. चक्रधर उतरतो, बोट पुढे जाते. नंतर त्याच्या हाती पडतात हॅर्टाची पत्रे आणि तिने समुद्रात जीव दिल्याची वार्ता.

या कथेत रडारड करायला पुष्कळ वाव होता. बेडेकरांनी तो घेतला नाही. वाक्ये आखूड ठेवली. पात्रांची ओळख वर्णनाने करून देण्याऐवजी बोलण्यातून करून दिली. एक प्रसंग संपला की मधला दुवा न सांगता दुसरा सुरू होतो. डेक, जेवणघर आणि केबिन यांच्यापलीकडे कथा फारशी जात नाही. बंदिस्त जागा, मोजके दिवस आणि ठरलेला शेवट या तिन्ही गोष्टी पटकथाकाराला सोयीच्या असतात. त्या काळच्या मराठी कादंबरीत लेखक मधूनच थांबून वाचकाला उपदेश करी, निसर्गावर पानेच्या पाने लिही, पात्रांच्या तोंडी अलंकारिक भाषणे घाली. 'रणांगण'मध्ये यांतले काही नाही.

दुसरी गोष्ट चक्रधरच्या घडणीची. त्याच्या काळातला नायक बहुधा ध्येयवादी असे. चक्रधर स्वार्थी आहे, हिशेबी आहे, हॅर्टाच्या प्रेमाने हळूहळू पाझरतो, पण तिच्यासाठी काही धाडस करण्याइतका मोठा होत नाही. जगभरच्या सरकारांनी तेव्हा जे केले तेच छोट्या प्रमाणात तो करतो: हळहळतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. युद्ध रणभूमीवर सुरू होण्याआधीच माणसामाणसांतल्या व्यवहारात ते कसे शिरलेले असते, हे कादंबरी दाखवते. ती प्रसिद्ध झाली तेव्हा छळछावण्यांतला सामूहिक संहार अजून व्हायचा होता. त्याची व्यवस्था लावणारी वान्झेची बैठक २० जानेवारी १९४२ ची. एका मराठी लेखकाने पुढच्या अरिष्टाची चाहूल इतक्या आधी टिपली ही साहित्याच्या इतिहासात नोंदवण्याजोगी बाब आहे.

प्रभात, 'शेजारी' आणि 'रामशास्त्री'

'रणांगण'नंतर बेडेकर दुसऱ्या कादंबरीकडे वळले नाहीत. १९४० च्या दशकात त्यांची लेखणी मुख्यतः चित्रपटांत खर्च झाली. त्या काळची सर्वांत महत्त्वाची निर्मिती म्हणजे व्ही. शांतारामांचा 'शेजारी' (१९४१). तो हिंदीत 'पडोसी' या नावाने निघाला. प्रभातमधला शांतारामांचा हा अखेरचा चित्रपट. त्याची कथा बेडेकरांची.

एका खेड्यात जिवबा आणि मिर्झा हे दोन वयस्क शेजारी राहतात. एक हिंदू, एक मुसलमान. सणवार एकत्र, बुद्धिबळाचा डाव एकत्र, एकमेकांच्या घरात उठबस. धरण बांधायला आलेल्या कंत्राटदाराला गावाची जमीन हवी असते आणि हे दोघे एक असेपर्यंत ती मिळणार नसते. तो त्यांच्यात वितुष्ट पेरतो. गैरसमज वाढतात, घरे तुटतात. शेवटी धरण फुटण्याच्या वेळी दोघे पुन्हा एकमेकांचा हात धरतात आणि त्याच पाण्यात त्यांचा अंत होतो. मराठी आवृत्तीत केशवराव दाते जिवबा झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा. संगीत मास्टर कृष्णरावांचे होते.

मार्च १९४० मध्ये मुस्लिम लीगने लाहोरला स्वतंत्र राष्ट्राचा ठराव केला होता. फाळणीची भाषा घरोघर पोचत असताना हा चित्रपट आला. भांडणाचे मूळ धर्मात नसून जमिनीच्या लोभात आहे आणि लोभी माणूस धर्माचा वापर हत्यारासारखा करतो, हे त्याने गोष्टीतून सांगितले. एकीकडे तुळजाभवानीचे नवरात्र आणि दुसरीकडे ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्याचा उरूस, अशा दोन्ही गर्दींची सवय असलेल्या धाराशिव जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षांत, रझाकारांच्या काळात, इथल्या गावांनी शेजार तुटताना पाहिला आहे आणि तो पुन्हा जुळतानाही पाहिला आहे.

याच दशकात बेडेकरांनी 'पहिला पाळणा' (१९४२) दिग्दर्शित केला. पाठोपाठ प्रभातचा 'रामशास्त्री' (१९४४) आला. त्याच्या दिग्दर्शनावर गजानन जागीरदार, राजा नेने आणि बेडेकर अशी तीन नावे आहेत. नारायणराव पेशव्याच्या खुनाबद्दल राघोबाला जाब विचारणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांची ही कथा. शीर्षक भूमिका जागीरदारांनी केली, आनंदीबाई ललिता पवारांनी. सत्तेसमोर न्यायाने ताठ उभे राहावे हा विषय परकीय सत्तेच्या काळात प्रेक्षकांना नेमका भिडला.

त्यानंतरचा 'लाखाराणी' (१९४५) हा प्रभातचा हिंदी चित्रपट एका वेगळ्या कारणाने इतिहासात राहिला. बेडेकरांच्या दिग्दर्शनाखाली झालेल्या या चित्रपटात गुरुदत्त नावाच्या तरुणाने छोटी भूमिका केली आणि सहायक म्हणूनही काम पाहिले. पुढे 'प्यासा' आणि 'कागज के फूल' देणाऱ्या या कलावंताची सुरुवातीची उमेदवारी अशी बेडेकरांच्या हाताखाली झाली.

स्वातंत्र्यानंतर

१९४७ मध्ये बेडेकरांचा 'चूल आणि मूल' आला. १९५० मध्ये त्यांनी 'क्रांतिवीर वासुदेव बळवंत' दिग्दर्शित केला. वासुदेव बळवंत फडक्यांचा धाराशिवच्या वाचकाला जवळचा असा एक दुवा आहे. १८७९ मध्ये इंग्रज फौजा मागावर असताना फडके निजामाच्या राज्यात उतरले होते आणि तिथल्या रोहिल्यांना व अरबांना सोबत घेऊन नवे बंड उभारण्याची त्यांची खटपट चालू होती. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. फडके १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात मरण पावले.

राजकमल या चित्रसंस्थेच्या 'अमर भूपाळी'चे (१९५१) लेखनही बेडेकरांचे. शाहीर होनाजी बाळा यांच्या जीवनावरचा हा चित्रपट शांतारामांनी दिग्दर्शित केला, संगीत वसंत देसायांचे, होनाजी पंडितराव नगरकर आणि नायिका म्हणून संध्या. १९५२ च्या कान महोत्सवात त्याच्या ध्वनीचा गौरव झाला. गवळ्याच्या घरातल्या शाहिराची गोष्ट फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोचली, त्यात अमरावतीच्या या लेखकाचाही वाटा होता.

दिग्दर्शक म्हणून त्यांचा शेवटचा ठळक चित्रपट 'रुस्तम सोहराब' (१९६३). फिर्दौसीच्या 'शाहनामा'तली ही पितापुत्रांची शोकांतिका. एकमेकांना न ओळखता दोघे लढतात आणि बापाच्या हातून मुलगा मारला जातो. पृथ्वीराज कपूर, प्रेमनाथ आणि सुरैया अशी नटमंडळी. सुरैयाचा हा अखेरचा चित्रपट ठरला. सज्जाद हुसेन यांचे संगीत आजही जाणकार आवडीने ऐकतात. उशिरा पटलेली ओळख हे या कथेचे सूत्र 'रणांगण' आणि 'शेजारी' यांच्याशी नाते सांगते. चक्रधरला हॅर्टा गेल्यावर कळते, जिवबा-मिर्झाला पाणी अंगावर आल्यावर, रुस्तमला मुलगा घायाळ झाल्यावर. बेडेकरांची प्रतिभा या एका जागी पुन्हा पुन्हा परतते.

संसार आणि शेजारचे एक लेखन

१९३८ मध्ये बेडेकरांचा विवाह बाळूताई खरे यांच्याशी झाला. त्या मालतीबाई बेडेकर झाल्या, पण मराठी वाचकाने त्यांना 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने आधीच ओळखले होते. 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) या कथासंग्रहाने अविवाहित, शिकलेल्या मुलींची घुसमट उघड्यावर आणली आणि मोठे वादळ उठले. सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत त्यांनी अधिकारी म्हणून काम केले. तारेच्या कुंपणाआड, हजेरीच्या धाकात जगणाऱ्या माणसांचे ते अनुभव 'बळी' (१९५०) या कादंबरीत आले. इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्याने मारलेला शिक्का सोलापूर-धाराशिव भागातल्या पारधी वस्त्यांवरून अजून पुरता पुसला गेलेला नाही. त्यामुळे 'बळी' या पट्ट्यात आजही ताजी वाटते.

पतीने देशाबाहेर फेकलेल्यांची कादंबरी लिहिली, पत्नीने देशातच कुंपणात कोंडलेल्यांची. दोघांची शैली वेगळी होती, पण ज्याला समाज आपला मानत नाही त्याच्याकडे दोघांचे लक्ष होते. साहित्य संमेलनाशीही दोघांचा संबंध आला: मालतीबाई १९८१ च्या मुंबईतल्या समांतर संमेलनाच्या अध्यक्ष होत्या आणि १९८६ च्या मुंबईतल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद विश्रामरावांकडे आले. याच परंपरेतले ९३ वे संमेलन जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली धाराशिवमध्ये, तेव्हाच्या उस्मानाबादेत, भरले.

नाटक आणि आत्मचरित्र

चित्रपटाची धावपळ कमी झाल्यावर बेडेकर पुन्हा रंगभूमीकडे वळले. 'वाजे पाऊल आपुले' (१९६७) या विनोदी नाटकात मृत्यूच्या भीतीने पछाडलेल्या माणसाची फजिती आहे. 'टिळक आणि आगरकर' (१९८०) मात्र गंभीर आहे. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये 'केसरी', १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस, इतके सारे एकत्र सोसलेले दोन मित्र आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय स्वातंत्र्य या प्रश्नावर दुरावले. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला आणि १८९५ मध्ये ते गेले. बेडेकरांनी कोणा एकाला खलनायक केले नाही. दोन प्रामाणिक माणसांत पडलेले अंतर किती दुःखद असते ते दाखवले. 'शेजारी'तल्या मैत्रीचाच हा इतिहासातला अवतार आहे.

'एक झाड आणि दोन पक्षी' (१९८४) हे त्यांचे आत्मचरित्र. उपनिषदातल्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो, दुसरा नुसता पाहत राहतो. बेडेकरांनी स्वतःबद्दल तृतीय पुरुषात लिहिले आणि जगणाऱ्या विश्रामकडे पाहणाऱ्या विश्रामने पाहिले. अमरावतीतले बालपण, नाटक मंडळीचे दिवस, चित्रपटधंद्यातले चढउतार आणि संसारातले ताण त्यांनी स्वतःला सवलत न देता मांडले. या पुस्तकाला १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

तीन माध्यमांचा लेखक

लेखकाने कॅमेरा हाती घेण्याची परंपरा फ्रान्समध्ये मोठ्या मानाने जोपासली गेली. नाटककार, कादंबरीकार आणि दिग्दर्शक मार्सेल पान्योल १९४६ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडले गेले. तिथे प्रवेश मिळालेले ते पहिले चित्रपटकार. अलेक्झांद्र आस्त्र्यूक यांनी १९४८ च्या निबंधात कॅमेरा हा लेखणीसारखा वापरावा असा विचार मांडला. मार्गेरित द्युरास या कादंबरीकर्तीने 'हिरोशिमा मों आमूर' (१९५९) ची पटकथा लिहिली, पुढे स्वतः दिग्दर्शन केले आणि 'इंडिया साँग' (१९७५) सारखा चित्रपट दिला. द्युरासची ती पटकथाही युद्धाच्या सावलीत थोड्या काळासाठी भेटलेल्या दोन परक्या माणसांची आहे. 'रणांगण' तिच्या वीस वर्षे आधीची.

मराठीतही आचार्य अत्रे, वि. स. खांडेकर, ग. दि. माडगूळकर अशा लेखकांनी चित्रपटासाठी मोलाचे काम केले. तरी आपल्याकडे पटकथेला साहित्य मानण्याची सवय लागली नाही. बेडेकरांच्या लेखनाचा मोठा भाग त्यामुळे ग्रंथालयात नाही, विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात नाही. त्यांचे मूल्यमापन एका कादंबरीवर आणि एका आत्मचरित्रावर होते, ते अपुरे आहे. 'शेजारी'ची कथा 'रणांगण'च्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे, 'टिळक आणि आगरकर' त्या दोन्हींच्या. मग एकाच लेखकाने तीन माध्यमांत माणसांमधल्या भिंतींचाच शोध घेतला हे स्पष्ट दिसते.

विश्राम बेडेकरांचे पुण्यात किंवा मुंबईत कौतुक होणे पुरेसे नाही. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा इथल्या वाचनालयांनी 'रणांगण' आणि 'बळी' शेजारीशेजारी ठेवाव्यात; महाविद्यालयांनी एखाद्या संध्याकाळी 'शेजारी' पडद्यावर दाखवावा आणि नंतर विद्यार्थ्यांना बोलते करावे. ज्या जिल्ह्याने संमेलनाचा मांडव उभारला, त्याला हे जड नाही.